भिकुबाईच्या मडक्यातली नागली

धुळे, १९ मे

तीर्थरूप अमृतभाऊस,
भटूचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंपळनेरला हवा तरी बरी असेल, इथे अंगाची लाही होते आहे. (फोन असताना पत्र का, म्हणशील. फोनवर तू मध्येच ओरडतोस.)

आमचा आदिवासी हाट गेल्या रविवारी पार पडला. बांबूच्या टोपल्या दुपारपर्यंत संपल्या, चित्रं संपली, आणि मी भोजन विभागाचा प्रमुख असल्यामुळे पीठही संपलं. भाकऱ्या थापणाऱ्या कुंदाबाई हात झटकून उभ्या, पुढे ताटं घेऊन रांग. तेवढ्यात मला टेबलाखाली एक मडकं दिसलं. शेणाने तोंड लिंपलेलं, आत दीड पायली लाल नागली, आणि सगळी राखेने बरबटलेली! मला स्वच्छतेची आवड. (बत्तीस वर्षं कचेरीत टेबल रोज स्वतः पुसलं आहे.) तीन पाण्यांनी धुतली, गच्चीवर पसरली, तासाभरात खडखडीत, लगेच गिरणीत. पाहुण्या साहेबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि अस्सल चवीबद्दल शाल मला घातली.

आता, तुझ्याच ओळखीच्या भिकुबाईला मी आधी शब्द दिला होता, की तुझं जुनं बियाणं नुसतं मांडायला आण, दाणाही हलणार नाही. मी दिवसभर ते शोधत होतो. पण भाऊ, बियाणं म्हटलं की मला दुकानातली छापील पिशवी माहीत! संध्याकाळी एसटीला निघताना ती म्हणाली, "नाना, बियानं मडकामां शे. राख लायेल शे, कीड लागाव नही. टेम्पोमां जपीसन धाडज्या." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

पाड्यावरची चार घरं त्याच मडक्यातून पेरतात. ते वाण आता दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. पेरणी तीन आठवड्यांवर आली. रिकामं मडकं माझ्या देवघरात आहे, पूजेला बसलो की नजर तिकडेच जाते. मला फार लाज वाटते रे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
भटू

ता. क. मडकं उद्याच्या गाडीने तुझ्याकडे पाठवतो आहे. तू शेतीखात्यात होतास, ती तुझं ऐकते. पाड्यावर जाऊन तूच सांग. आसपासच्या पाड्यांवर कुणाकडे मूठभर तरी सापडते का, तेही बघ. शाल सोबत ठेवली आहे, ती तिला द्यावी की नाही, तू ठरव.

आणखी एक. त्या दुपारी भिकुबाईही जेवायला आली होती. एक भाकर खाल्ली, एक नातीसाठी पदरात बांधली आणि मला म्हणाली, "नाना, मनी मायना हातनी भाकर लागस." आईच्या हातच्या चवीचं तेवढं मात्र तिला आठवू देऊ नकोस.