उजव्या बाजूची चेन

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे हिंडते-फिरते आहेत. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन वाजला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. ट्रकवाले काका तुझ्या बंदरावर माल टाकायला निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय. ते तुझ्या क्रेनखाली उभे राहून भोंगा वाजवतील, तेव्हा त्यांच्यावर खेकसू नकोस.

तर बातमी अशी, की आपली पोकलेन बसली. उतारावर वळताना उजवी चेन निसटली आणि बाईसाहेबांनी तिथेच ठाण मांडलं. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं. चेनच्या पिना गेल्या, बुश गेले, दातेरी चाकाचे दात झिजून सुईसारखे झालेत. चेन आणि चाकं सगळीच एकदम बदलायची, कारण जुन्या चाकावर नवी चेन घातली तर चाक तिला खाऊन टाकतं. आता हे मी तुला शिकवायचं म्हणजे कमालच झाली. तू त्या सीटवर वर्षानुवर्षं बसलीस. मी एकदाच बसलो होतो, आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचा विषय आपल्या घरात अजून निघतो.

चेन शोधताना माझ्या नाकी नऊ आले गं! मॉडेल इतकं जुनं, की कंपनीच्या माणसाने विचारलं, मशीन कामावर आहे की प्रदर्शनात. नंबर सांगावा तर नंबराच्या पट्टीवरून बाबांनी रंगाचा ब्रश फिरवलेला. तो खरवडता खरवडता माझी नखं पिवळी झाली. शेवटी सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, नंबर राहू दे रे, चार कड्यांचं माप घे, पिनेपासून पिनेपर्यंत. मी उजव्या चेनचं घेतलं. तो म्हणाला, असं माप नसतंच. मग डाव्या चेनचं घेतलं, तर ते निराळंच आलं. मला वाटलं टेपच खोटी! मिस्त्री पोट धरून हसला. झिजलेली चेन लांबते, एवढंही याला कळत नाही म्हणाला. मग त्याने स्वतः दोन्हीकडची मापं घेतली आणि हसायचा थांबला.

दोन्ही चेन एकाच दिवशी बसवलेल्या. तरी उजवी डावीपेक्षा कितीतरी जास्त लांबलेली. याचा अर्थ एकच, मिस्त्री म्हणाला, हे मशीन कायम डावीकडेच वळतंय. डावी चेन जागेवर राहते आणि उजवी फिरते. असं का, ते त्याला सांगता येईना. मला मात्र एकदम आठवलं. तळ्याच्या कामावर खड्डा बाबांच्या अगदी उजव्या हाताला होता, आणि ते डावीकडून सबंध गोल घेऊन तिथे गेले. मी खालून ओरडलो होतो, की काय बाबा, मशीनला फिरायला काढलंय का? ते हसले नाहीत. ताई, तुला माहीतच आहे, सीट डावीकडे आणि उजवीकडे तो बूमचा दांडा आडवा. आधीच त्या बाजूचं नीट दिसत नाही. त्यात उजवा डोळाच साथ देत नसेल तर?

मग मी घरात नुसता बघत राहिलो. आई चहाचा कप बाबांच्या डाव्या हाताला ठेवते. दारातून जाताना त्यांचा उजवा खांदा चौकटीला लागतो. जेवताना मी मिठाची बरणी मुद्दाम उजवीकडे सरकवली, तर ती तिथे असताना ते मीठ कुठाय म्हणून विचारू लागले. नंतर आईला गाठलं. पातेल्यातली नजर न काढता ती म्हणाली, बरेच दिवस झाले, पोरांना कळता कामा नये असं त्यांनी बजावलंय. म्हणजे ती एकटीच हे सगळं पोटात घेऊन बसली होती. मला तिचा रागही आला आणि तिची दयाही आली.

बाबांजवळ डोळ्यांचा विषय काढून बघितला. मशीन डोळ्यांनी नाही, बुडाने चालवतात, असं ऐकवून झाल्यावर वर म्हणाले, टेपवाल्या, तू आधी मापं नीट घ्यायला शीक. हे माझं नवीन नाव. पण पुढचं काम त्यांनी कुठलं घेतलंय, ऐक. शाळेच्या कुंपणालगत नाला खणायचा आहे, आणि कुंपण उजव्या हाताला. मी जाऊन बघून आलो. सुट्टीत सगळी पोरं त्या जाळीला लटकलेली असतात. कुंपणाच्या खालून अर्धी बाहेरही येतात, चेंडू आणायला. मला भीती वाटते ताई, दुसरं काही नाही.

आता खरं सांगतो. चेन मिळाली आहे. दगडाच्या खाणीवर आपल्याच मॉडेलचं एक मशीन मोडीत काढत होते, त्याच्या चेन आणि चाकं अगदी नव्यासारखी. वेल्डरच्या शेडमागे ताडपत्रीखाली झाकून ठेवलीत आणि मिस्त्रीला गळ्याची शपथ घातली आहे. बाबांना रोज सांगतो, अजून शोधतोय. माझा डाव चांगला चालला होता. पण काल त्यांना माझी दया आली. पोरा, तू दमलास, आता मीच बघतो म्हणाले आणि स्कूटर काढून चेन शोधायला निघून गेले. परत येईपर्यंत मी दारात उभा होतो. आले ते खुशीत, कुणीतरी पत्ता दिला म्हणून. स्कूटरचा उजवा आरसा तुटून लोंबत होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. आज पुन्हा निघालेत. स्कूटरची किल्ली माझ्या खिशात आहे, ते बाहेर तीच शोधतायत, आणि मी आतल्या खोलीत दार लावून तुला लिहितोय. किल्ली मी किती दिवस लपवणार? माझं ते ऐकणार नाहीत. आयुष्यात त्यांनी ती सीट आपण होऊन फक्त तुला दिली. तू ये. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आणि ती सीट त्यांच्याकडून पुन्हा मागून घे. चेन त्यानंतर बसवू.

तुझाच,
टेपवाला