ओझोनच्या भरवशावर

१ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही, नवं पेन, नवी नोकरी. हुद्दा: पंपघर सहायक (हंगामी). 'हंगामी' हा शब्द या वहीत एकदाच लिहायचा, पुन्हा नाही.

परिस्थिती थोडक्यात. क्लबात पोहण्याचा एक मोठा तलाव आणि गरम पाण्याचा एक टब. दोन्हींचं पाणी गेली एकतीस वर्षं पंपकाका सांभाळतात. ते ३० तारखेला रिटायर होणार. त्यांच्या जागी मला कायम करायचं की नाही, हे कमिटी २९ला ठरवणार. २८ला मुलांच्या पोहण्याच्या शर्यती आहेत. त्या दिवशी पाणी काचेसारखं दिसलं की झालं.

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, क्लबाचे मॅनेजर. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे. कामावर त्यांना सर म्हणायचं. काल घरी जेवताना भाऊजी म्हणालो तर म्हणाले, आतापासूनच सवय लाव. इथे जमलं नाही तर परत बाबांच्या टायरच्या दुकानात. तो विचार करायचा नाही.

माझी योजना: ओझोन. चार पानी टिपण मी गेल्या महिन्यातच लिहून भाऊजींकडे दिलं, कमिटीने मंजूर केलं, यंत्र आज येणार. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू. हे मी अकरावीत शिकलो. अकरावी पूर्ण केली नाही, पण हा धडा पहिल्या सत्रात होता.

३ एप्रिल

यंत्र बसवलं. प्लंबरने बसवलं, मी सूचना दिल्या. त्याने दोनदा विचारलं की साहेब, जरा बाहेर थांबता का. यंत्र हवेतून ओझोन बनवतं आणि पाइपातल्या पाण्यात सोडतं. जंतू जागच्या जागी खलास. डोळे चुरचुरणं नाही, केसांना वास नाही.

पुस्तिका चाळीस पानी. अठरा पानं वाचली. पुढे 'देखभाल' आहे. देखभालीची वेळ येईल तेव्हा वाचू.

पंपकाका दारात उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, हे जे खरखरतंय ते पाणी साफ करतंय की आपला घसा? मी हसलो नाही.

६ एप्रिल

आजपासून क्लोरीन बंद. दारावर बोर्ड लावला: 'हा तलाव संपूर्णपणे क्लोरीनमुक्त आहे.' काकांना वेगळी लेखी सूचना दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. चांगलं लक्षण. महत्त्वाचे कागद माणूस जपूनच ठेवतो.

९ एप्रिल

पाणी असं की तळाच्या फरशीची तडा गेलेली कड दिसते. कोचबाई म्हणाल्या, पोरींचे डोळे यंदा लाल होत नाहीत, काय जादू केलीस रे? मी म्हणालो, विज्ञान. त्या म्हणाल्या, बरं बाबा, विज्ञान.

टबात रोज तीन आजी बसतात. मी मनातल्या मनात त्यांना टबमंडळ म्हणतो. त्यातल्या एक कमिटीच्या अध्यक्षांच्या सासूबाई. त्या म्हणाल्या, गुडघा हलका वाटतोय. बाकीच्या दोघी म्हणाल्या, गुडघा हलका असेल, बाकीच्याचं काय? तिघी इतक्या हसल्या की टबाबाहेर पाणी आलं. मी पुसून घेतलं.

११ एप्रिल. दुपारी

विचित्र प्रकार. नळीत तलावाचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे क्लोरीन आहे. पण क्लोरीन तर बंद आहे. तीनदा तपासलं. तीनदा पिवळं. टबाचंही पिवळं. नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहिलं.

१२ एप्रिल

उलगडा झाला. ओझोन पाण्यात क्लोरीन तयार करतो आहे. पुस्तिकेत (अठराव्या पानापर्यंत) याचा उल्लेख नाही. बहुधा हे आजवर कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. यंत्राच्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. या शोधाला माझं नाव द्यायचं झाल्यास हरकत नाही, असं शेवटी नम्रपणे कळवलं.

१५ एप्रिल

बारीक निरीक्षणं. क्लोरीनच्या पिंपातली पावडर कमी होते आहे. उकाड्याने उडत असावी. काकांच्या हातांना अजून क्लोरीनचा वास येतो. एकतीस वर्षं मुरलेला, इतक्यात कसा जाईल? शिवाय त्यांची ड्यूटी सातला सुरू होते आणि ते पावणेसहालाच हजर असतात. रिटायर होणाऱ्या माणसाला घरी करमत नसणार. वाईट वाटलं. माझ्या डब्यातली अर्धी भाजी त्यांना दिली.

घरी ताईला हे सगळं सांगितलं. तिने माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, तू शाळेत नक्की जायचास ना रे?

१७ एप्रिल. सकाळी ६.००

धक्का. आज लवकर आलो. काका तलावाच्या काठावर, हातात प्लॅस्टिकचा मग, पावडर पाण्यात ओतताना रंगेहाथ सापडले. विचारलं, कधीपासून चाललंय हे? म्हणाले, तू बंद केलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

म्हणजे माझा शोध गेला. पत्र आतापर्यंत कंपनीत पोचलं असणार.

काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला समजावू लागले. म्हणाले, अरे लेका, यंत्र तुझं झकास आहे. त्याच्यामुळे मला निम्मीच पावडर पुरते. पण तो ओझोन पाहुण्यासारखा. आला, काम केलं, निघाला. मागे पाण्यात राहायला घरचं कुणीतरी लागतं की नाही?

मी म्हणालो, काका, शास्त्र उपमांवर चालत नाही. वाक्य चांगलं जमलं.

दुपारी

भाऊजींकडे (सरांकडे) लेखी तक्रार केली. त्यांनी विचारलं, पाणी स्वच्छ आहे ना? मी हो म्हणालो. मग तुला काय चावलंय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे, स्वच्छ कशामुळे आहे हे कमिटीला कळायला हवं. ते म्हणाले, शर्यतींच्या आधी घोळ घातलास तर तुझ्याबरोबर मीही बुडेन, आणि मला पोहता येत नाही. पण माझं बोलणं संपेना तेव्हा त्यांनी काकांना शिल्लक रजेवर पाठवलं.

पिंप स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप. किल्ली दोरीत ओवून माझ्या गळ्यात.

जाताना काका म्हणाले, काही लागलं तर घरी ये, लाजू नकोस. लाजण्याचा प्रश्नच येत नाही.

१९ एप्रिल

थेंब टाकले. रंग नाही. क्लोरीन शून्य! नोंदवहीत शून्याभोवती लाल पेनाने चौकोन काढला. खरा ओझोन आजपासून.

२० एप्रिल

शून्य. चौकोन.

२१ एप्रिल

शून्य. चौकोन. पाणी किंचित दुधी वाटतं. प्रकाशाचा परिणाम. छताच्या काचा पुसून घेतल्या.

२२ एप्रिल

काचा पुसल्यामुळे पाणी जास्तच दुधी दिसतं. टबात पांढरा फेस. टबमंडळाला तो फार आवडला. सासूबाईंनी फेसाची दाढी लावून जावयाची नक्कल केली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२३ एप्रिल

पाण्याला हिरवट छटा. समुद्रसुद्धा हिरवट असतो आणि तिथे लोक पैसे खर्च करून जातात. तलावाची भिंत मात्र हाताला बुळबुळीत लागते.

संकल्प: घाबरायचं नाही. ओझोन कमी पडत असेल तर ओझोन वाढवायचा. यंत्र पूर्ण क्षमतेवर लावलं. टबाचं झाकण लावून दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी झाकण उघडलं. वास इतका शुद्ध की दहा मिनिटं खोकलो.

कोचबाईंनी तक्रारवहीत अर्धं पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चार चुका. अशा तक्रारीला किती महत्त्व द्यायचं? नंतर त्यांनी सगळं तोंडी सांगितलं. तोंडी एकही चूक नव्हती.

२४ एप्रिल

तिन्ही आजींच्या पाठीवर लाल पुरळ. डॉक्टरांनी टब बंद करायला सांगितला. सासूबाई म्हणाल्या, मेल्या, पाणी उकळतोस की विकतचं डबकं आणतोस? अध्यक्ष स्वतः बघायला आले. सासूबाईंची पाठ खाजते हे ऐकून त्यांना फार दुःख झालेलं दिसलं नाही. तलाव पाहून मात्र झालं. काठावर उभे राहून त्यांनी विचारलं, तळ कुठे आहे? मी हाताने दिशा दाखवली.

भाऊजी घरी आले, जेवले, एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा सर म्हणालो तरी नाही.

२५ एप्रिल

कंपनीचं उत्तर आलं. आमचं यंत्र क्लोरीन बनवत नाही. आपल्या पाण्यात क्लोरीन आढळला ही चांगलीच गोष्ट आहे, कारण ओझोन पाण्यात काही मिनिटंच टिकतो आणि त्यानंतर कुणी पाण्यात उतरलं की राखणीला थोडा क्लोरीन असावाच लागतो. कृपया पान एकोणीस पाहावं.

पान एकोणीस पाहिलं. पहिलीच ओळ. जाड अक्षरात. चौकटीत.

मी अठरा पानं वाचली होती. अठरा हा आकडा मी का ठरवला, आठवत नाही. बहुधा चहा आला असावा.

दुपारी

स्टोअर उघडलं. पिंपाशी उभा राहिलो. किती मग टाकायचे? पाणी बिघडलेलं असताना किती? आधी गाळणी धुवायची की नंतर? काकांनी हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. पिंपाचं झाकण परत लावलं. परत उघडलं. पाच मग टाकले. मग वाटलं जास्त झाले. मग वाटलं कमी झाले. आणखी दोन. हिरवं पाणी आता राखाडी आहे.

२६ एप्रिल

काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, अहो, तुमचा शास्त्रज्ञ आलाय. काका उठले. चपला घातल्या आणि निघाले.

तलावाशी गुडघ्यावर बसून त्यांनी बराच वेळ पाणी पाहिलं. मग म्हणाले, शर्यती कधी? मी म्हणालो, परवा. ते म्हणाले, परवापर्यंत दिसायला साफ करून देईन, पण पोरांना यात उतरू देणार नाही. मी म्हणालो, काका, दिसायला साफ झालं तरी माझं भागेल. तोंडातून गेलं. ते गाळणी उघडायला गेले, आणि मी कोचबाईंना शर्यती इथे होणार नाहीत हे सांगायला गेलो.

२८ एप्रिल, रविवार

शर्यती दुसऱ्या क्लबाच्या तलावात झाल्या. आमची मुलं दोन बसमधून गेली. मी आणि काका गाळणी धूत होतो. दिवसभर त्यांनी मला चार कामं शिकवली. चारही सोपी होती.

२९ एप्रिल. संध्याकाळी

कमिटीची बैठक. माझी नोंदवही टेबलावर मधोमध. अध्यक्ष पानं उलटत म्हणाले, नोंदी फार व्यवस्थित आहेत. मला बरं वाटलं. ते पुढे म्हणाले, अकरा ते सोळा तारखेपर्यंत क्लोरीन बरोबर प्रमाणात. एकोणीसपासून शून्य, तेही लाल चौकोनात. म्हणजे याला सगळं कळत होतं. मग बंद का केला?

काकांनाही बोलावलं होतं. ते लगेच म्हणाले, पोरगा टाकत होता हो रोज, मी सांगितलं होतं तसा, पुढे माझीच काहीतरी गफलत झाली सांगण्यात. त्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊजी पंख्याकडे बघत होते. मान हलवली असती तरी चाललं असतं. चार उत्तरं मनात तयार होती, चारही व्यवस्थित.

मी म्हणालो, मी टाकतच नव्हतो. काका टाकत होते. मी त्यांनाच रजेवर पाठवलं. मला काही माहीत नव्हतं.

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकच ओळ होती. एका ओळीत बरंच मावतं.

३० एप्रिल

निर्णय. यंत्र राहणार, क्लोरीनही राहणार. काका नवा माणूस मिळेपर्यंत थांबणार. भाऊजींना ताकीद, तोंडी. घरातून निघताना ताईने डबा हातात दिला आणि म्हणाली, बाबांना फोन मी करू की तू करतोस? मी म्हणालो, संध्याकाळी बघू.

अकरा वाजता भाऊजींनी बोलावून जाहिरात लिहायला सांगितली. क्लबात माझंच अक्षर बरं आहे. 'पाहिजे: पंपघर सहायक, कायम. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव. उमेदवार सूचना शेवटपर्यंत वाचणारा असावा.' शेवटची अट जरा विचित्र वाटते असं मी सुचवलं. ते म्हणाले, कमिटीचे शब्द आहेत, काना-मात्रा बदलू नकोस.

फाटकाच्या बोर्डावर चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून लावली. सरळ लागली आहे.

अर्ध्या तासात पहिले गृहस्थ चौकशीला आले. वय पन्नाशीचं, खांद्याला पिशवी. त्यांना वेळ, कागदपत्रं, कुणाला भेटायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. पंपघरही दाखवलं. माणूस चौकस वाटला. निघताना त्यांनी विचारलं, आधीचा माणूस का हो सोडून गेला?

मी म्हणालो, अजून गेलेला नाही. पाचपर्यंत आहे.