वसुमतीची खाट

मल्लेश्वरम, बंगळूर
३० मे १९६१

॥ श्री ॥

ती. उपेंद्रदादांस सा. न. वि. वि.

तुमची बहीण महिनाभर आजारी आहे. नुसता हात धरला तरी नीलाच्या अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी ‘तातडीचे’ असं लिहून मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे रक्त तपासायलाच पंधरा दिवस लागतील म्हणाले, म्हणून खासगी तपासणीला नेलं. काचपट्टीवर थेंब पसरून त्या डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. रक्ताच्या कर्करोगाचा संशय आहे. काच त्यांनीच इस्पितळात पाठवली. खाट मिळाली की टपालानं कार्ड येईल. त्या तारखेला हजर न झाल्यास खाट दुसऱ्याला.

एक कबूल करतो. आईच्या हट्टापायी काचेवर नाव घातलं ते माहेरचं, वसुमती देशिंगकर. लग्नात ताटातल्या तांदळावर ‘नीला’ हे नवं नाव लिहिलं तेव्हाच जुनं संपलं, रोग त्या संपलेल्या नावाला जाऊ दे, असं आई म्हणते.

रागवाल, पण अंतर देऊ नये.

आपला,
विद्याधर

बेळगाव
३ जून १९६१

श्री. विद्याधरपंतांस सा. न. वि. वि.

कारखान्यात विमानाची इंजिनं जुळवता, आणि घरी रोगाला खोटा पत्ता देता? नाव संपतं म्हणे! अठरा वर्षं त्या नावानं आमच्या घरात एक मुलगी हसली, भांडली, परीक्षेत पहिली आली. ताटातले तांदूळ सारखे केले की ती पुसली गेली? आपल्या बायका रोगानं मरण्याआधी या भेकडपणानं मरतात. उठा, इस्पितळात जा, नाव दुरुस्त करा. भुतंखेतं नसतात, पंत. हजर राहिलेली माणसं असतात आणि न राहिलेली.

वसूला सांगा, वहीत नावाखाली मोर काढायची म्हणून मी तिचा कान पिळायचो. धीर सोडलास तर पुन्हा पिळीन.

जीव आहे म्हणूनच जाळ आहे, हे जाणून असा.

उपेंद्र

बंगळूर, इस्पितळातून
९ जून १९६१

ती. दादास शि. सा. न.

खाटेवरूनच लिहिते. कार्ड गेल्या शनिवारी आलं होतं. इथे वसुमती कोणी राहत नाही, असं सांगून सासूबाईंनी ते परत पाठवलं. त्यावर सोमवारची तारीख होती हे आम्हाला कळलंच नाही. तुझं पत्र मंगळवारी मिळालं तेव्हा सासूबाईंनी सगळं सांगितलं, बुधवारी हे मला घेऊन धावले. खाट गेली म्हणून वाटेत रडवेले झाले होते.

कारकुनानं वही उघडली आणि माझ्यावरच डाफरला. अक्का, सोमवारी हजेरी दिलीत, रक्त दिलंत, स्वल्प घरी जाऊन येते म्हणालात, आणि आज उगवता? खाट तुमच्यासाठी अडवून ठेवलीय.

दादा, सोमवारी मी तापानं घरी पडून होते. शेजारच्या अनुसूयाक्का दिवसभर उशाशी होत्या. पण वहीत सही आहे, वसुमती देशिंगकर. खाली मोर. बारा वर्षांत मी तो काढलेला नाही.

परवा नर्सनं बाही वर केली. कोपराच्या खोबणीत सुईची खूण होती, दोन दिवसांची, पिवळी पडत आलेली. ह्यांना मी ती दाखवली नाही.

इलाज सुरू झाला आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी आठवडा गेला असता तर हात टेकावे लागले असते.

हजर राहिलेली माणसं, असं तूच लिहिलंस. आपण सगळ्यांनी मिळून जिला पुसलं, ती माझी जागा धरून बसली होती. आता पाकिटावर दोन्ही नावं घालत जा. पत्र कोण उघडेल, सांगता येत नाही.

दोघींवरही माया असू दे.

तुझी,
नीला