एकशे बारा नंबरची बाटली

४ मार्च, सोमवार

चि. ठकीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी त्याहून जास्त कुरकुरते. प्रयोगशाळेत नवा फ्रिज आला. जुना माझ्यासारखाच नुसता आवाज करायचा.

तू लिहितेस, "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. लसच कुचकामी निघाली, त्याला तू काय करणार?" तुझा गुंड्या जाऊन महिना झाला नाही आणि तू माझी समजूत काढतेस. वाचून मला तुझा राग आला. खरंच आला.

लस कुचकामी नाही, ठकी.

चाचणीत अर्ध्या पोरांना लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी. बाटल्या दिसायला सारख्या. कुणाला काय गेलं ते टोचणाऱ्या नर्सलाही कळत नाही. कळतं फक्त लेबलं चिकटवणाऱ्याला, म्हणजे मला. गुंड्याचा नंबर एकशे बारा. त्याच्या वाट्याला लस आली होती. पण आदल्याच आठवड्यात लस टोचलेले दोन ससे तडफडून मेले. गोरगरिबांना परवडणारी लस म्हणून भाषणं ठोकणारा मी, माझी पाचावर धारण बसली. आपल्या घरातलं पोर कशाला? तुझ्या शेजारच्या शिंप्याच्या पोरीला पाणी मिळणार होतं. मी दोघांची लेबलं बदलली. मरायचंच तर तिनं मरावं, इतकं सरळ.

ससे बुरशी लागलेल्या खाद्यानं मेले होते. ते नंतर कळलं, आणि मग तुमच्या गल्लीत ताप आला. ती पोर तुझ्या दारासमोर दोरीवर उड्या मारते, असं तूच लिहितेस.

पाणीवाल्यांत अकरा गेले, लसवाल्यांत दोन. लसवाल्यांत तिसरा गेला तर लसीचं काम कायमचं बंद, असं आधीच ठरलेलं आहे. कागदावर तिसरा तुझा गुंड्या. शुक्रवारी बैठक आहे. मी तोंड उघडणार नाही. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, आणि मी किती भित्रा आहे हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून हे माझ्या अक्षरात. बैठकीत नेऊन दाखव, नाहीतर चुलीत घाल. चुलीत घातलंस तर पुढच्या साथीत जाणारी पोरं आपल्या दोघांच्या डोक्यावर.

टोचायच्या दिवशी फाटकापाशी गुंड्यानं माझं बोट धरलं होतं. "मामा, खूप दुखेल?"

"छे रे, नुसतं पाणी तर आहे," मी म्हणालो. तूही हसली होतीस.

गुंड्याचा मामा