आधी नाक दाखव

मंगळवार, १४ मार्च

प्रिय आई,

नमस्कार. तुझे गुडघे आणि बाबांचा खोकला, दोघांचीही चौकशी. इकडे आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. रोज संध्याकाळी फोन होतो, मग ही आता पत्र कसलं लिहीत बसली, असं म्हणशील. म्हण. फोन लागला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "नाक कसं आहे?" माझं नव्हे, तुझ्या नातवाचं, पिट्टूचं. मी जिवंत आहे की नाही ते त्याच्या नाकानंतर.

तर नाक वाहतंय. थंडी सरली, पंखे सुरू झाले, पण या नाकाला त्याची खबर नाही. औषधं झाली, वाफ झाली, मिठाच्या पाण्याचे थेंब झाले. थेंब घालायचे म्हणजे मी त्याच्या हातांवर गुडघे टेकून बसायचं आणि त्याने शेजारपाजार गोळा होईल असं किंचाळायचं. रुमाल खिडकीच्या गजांवर, खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या दाराला. या दोन खोल्यांत बसायचं म्हटलं तरी आधी एक ओला रुमाल उचलावा लागतो.

पाळणाघराच्या बाई वाईट नाहीत. पण रोज सकाळी दार अडवून उभ्या राहतात आणि प्रत्येक पोराला म्हणतात, "आधी नाक दाखव." वाहतं दिसलं की पोर आईसकट परत. मग मी काय करते, तर वाटेभर त्याचं नाक पुसून लाल करते, कोपऱ्यावर शेवटचा हात मारते आणि सांगते, "आता वर ओढून धर हं, दार येईपर्यंत." तो बिचारा श्वास रोखून, डोळे मोठे करून चालतो. बाई "शहाणं माझं बाळ" म्हणाल्या की याला काहीतरी बोलायचं असतं. तोंड उघडलं की सगळं बाहेर. बाई माझ्याकडे बघतात, मी चपलांकडे बघते आणि आम्ही घरी येतो.

बेकरीत दुसरी तऱ्हा. मालक म्हणतात, "ताई, तुमचं काम कोणी हिसकावत नाही. पण घरात सर्दी असलेलं माणूस क्रीमपाशी नको." बरोबरच आहे त्यांचं. सगळ्यांचं बरोबरच असतं, त्याचीच मला चीड येते. सध्या एक नवी मुलगी माझ्या क्रीमच्या कोनाने केकवर गुलाब काढते. परवा काचेतून पाहिले मी. गुलाब कसले, कोबीचे गड्डे. आणि लोक खुशाल विकत घेत होते.

तू म्हणशील, सोड ना ती नोकरी, मूल आधी. तुझं हे वाक्य मला पाठ आहे. मी कामावर परत गेले तेव्हा तू हेही म्हणाली होतीस, की हौस तुझी आहे तर निस्तर तूच, मला सांभाळायला बोलावू नकोस. मी बोलावलंही नाही. जीभ चावून बसले, पण बोलावलं नाही. तुझीच लेक ना.

मध्यंतरी तुझे लाडके जावई एका रात्रीपुरते घरी होते. त्यांची बस लांब पल्ल्याची, त्यामुळे घरात ते पाहुण्यासारखेच असतात, आणि पाहुण्याला विनोद सुचतात. मोरीतला नळ गळत होता, त्यांनी तोंडाशी चिंधीचा बोळा कोंबला. पिट्टू शेजारी बसून बघत होता. हे म्हणाले, "याच्या नाकातही असाच एक बोळा कोंबू या. म्हणजे आई सुटेल." मी हसले. "कोंबाच," मीच म्हणाले, "मी सुटेन एकदाची."

त्यानंतर नाकाला वास यायला लागला. घाण, कुजका. आणि वाहणंही एकाच बाजूने. आपल्या गल्लीतले डॉक्टर आपले म्हणत राहिले, लहान मुलांचं चालायचंच. मला मात्र त्याला जवळ घेतलं की तोंड फिरवावंसं वाटायचं. फिरवायचेही. अखेर मागच्या आठवड्यात नाक-कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. हे होते बरोबर. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, चिमट्याने काहीतरी ओढलं आणि ताटलीत ठेवलं. काळपट, बुळबुळीत. आपल्या खुर्चीच्या गादीतला स्पंज, आई. गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून बोटाने उकरून काढलेला.

डॉक्टरांनी लाडाने विचारलं, "काय रे, हे कशाला घातलंस?"

"नळ बंद केला," तो म्हणाला. "आई सुटेल आता."

डॉक्टर हसले, हेही हसले. मीसुद्धा हसले. इतकी हसले की तिथल्या नर्सने मला पाणी आणून दिलं आणि बाहेर नेऊन बसवलं.

पत्र का लिहिलं, ते आता सांगते. फोनवर मी काय काय बोलते ते तुला ठाऊक आहे. याच्या नाकापायी मी सडतेय इथे. हा झाला आणि माझं सगळं संपलं. हे बोलत असते तेव्हा तो माझ्या पायाशीच गाडी फिरवत असतो. मला वाटायचं, खेळतोय. पोरगं शब्दन् शब्द ऐकत होतं, आणि नुसतं ऐकत नव्हतं, त्याच्यावर उपाय शोधत होतं. म्हणून आता फोनवर नाकाचं काही विचारू नकोस. विचारलंस तर मी "छान आहे" म्हणेन, आणि तू समजून जा.

स्पंज निघाल्यावर नाक खरंच थांबलं. काल पाळणाघराच्या दारात बाई काही म्हणायच्या आधीच त्याने मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्या वर करून उभा राहिला. "बघा, बंद आहे." बाईंनी आत घेतलं. मी बेकरीत गेले.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. मला खूप बरं वाटलं, आई. टोपी घातली, कोन हातात घेतला, एका लग्नाच्या केकवर तीन थर वेली काढल्या. नवी मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. मालक म्हणाले, हात विसरला नाही तुमचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला पिट्टूची आठवणसुद्धा आली नाही. दारात मान वर करून उभं राहिलेलं माझं पोर, आणि मला आठवणसुद्धा नाही. कसली आई मी, असं मनात आलं खरं, पण हात काही थरथरले नाहीत.

संध्याकाळी घ्यायला गेले तर नाकातून पाणी. ही नवीनच सर्दी, तिथल्याच कुणाचीतरी. दोन्ही बाजूंनी, स्वच्छ, साधी. आज आम्ही घरी आहोत.

सकाळपासून तो माझ्याकडे पाठ करून खेळतोय. मघाशी पाहिलं तर सदरा आतून वर ओढून, आतल्या बाजूला नाक पुसत होता, डाग मला दिसू नये म्हणून. मी त्याला माझ्याकडे वळवलं. अगदी हळू वळवलं, तुझी शपथ. तो म्हणाला, "सॉरी आई. परत आलं."

मी रागावले नाही. पुसलं, जवळ घेतलं, म्हटलं, "अरे, येऊ दे की." पण त्याआधी त्याने माझं तोंड पाहिलं होतं. तेवढं मला लपवता आलं नाही. आणि आता तो माझं हसणं खरं मानत नाही.

तू ये. बोलावणार नव्हते, बोलावते. माझ्या नोकरीसाठीही ये, खोटं कशाला बोलू. तुला मला जे सुनावायचंय ते सगळं सुनाव, फक्त तो झोपल्यावर. पण मुख्य म्हणजे या घरात त्याच्याकडे बघताना न थकलेलं एक तोंड हवंय, आई. माझं आत्ता तसं राहिलेलं नाही.

तुझी,
निस्तरता न आलेली लेक