दुखतंय का, विचारायचं

३ जून
आज कामाचा पहिला दिवस आणि मी जाम खूश आहे. सहा वर्षांपूर्वी याच वर्कशॉपमध्ये माझ्या वाकड्या कण्यासाठी ब्रेस बनला होता, आता मीच इथली कारागीर. उस्तादांनी लगेच ओळखलं आणि जुन्या नावाने, ‘वाकडे’ म्हणून हाक मारली. फळीवर सगळ्या पोरांच्या धडांचे प्लास्टरचे साचे जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेत. डोकं नाही, हात नाहीत, पोटावर टोपणनाव. माझा ‘वाकडी’ही आहे. उस्ताद एकही साचा टाकत नाहीत. भारीच कंजूष.

५ जून
भिंगरी साच्याचं माप द्यायला आली. चौदा वर्षांची, वडील गवंडी. दिवसाचे बावीस तास ब्रेस घालायचा म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मी तिला माझ्या युक्त्या सांगितल्या: आत सुती बनियन, तोही बिनसुरकुतीचा, जेवण थोडं थोडं, कपडे एक माप मोठे, पेन्सिल पडली तर गुडघ्यावर बसून उचलायची. वर्गातली पोरं पाठीवर टकटक करतील म्हटलं, तर म्हणे मी आतून विचारेन, कोण आहे म्हणून. उस्ताद मला वाकडे म्हणतात हे ऐकून तिचे वडीलही हसले.

उस्तादांची एक तऱ्हा आहे. ब्रेसने जिथे दाबायचं, तिथे साचा कानशीने घासून खोल करतात. त्या वेळी पोराला शेजारी बसवतात आणि कानस फिरवली की दर वेळी विचारतात, दुखतंय का. घासायचं प्लास्टर आणि विचारायचं पोराला. म्हातारबाबा पोरांचं मन राखतात, दुसरं काय.

९ जून
उस्ताद दोन आठवडे गावाला. भिंगरीचा साचा मी एकटीनेच वीस मिनिटांत घासून टाकला. तिला बोलावून विचारत बसले असते तर अख्खा दिवस गेला असता. शेवटी कानशीला लालसर ओल लागली. गंज असेल.

१० जून
भिंगरीचे वडील सकाळीच दारात. काल शिकवणीत बसल्या बसल्या तिच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या. कुणी हातही लावला नव्हता. कातडी सोलून निघालीय, वर बारीक आडव्या रेघा. कसल्या रेघा, त्यांना कळेना. मला कळलं.

आणि डावी बाजू. तिच्या पाठीचा फुगवटा उजवीकडे होता. एक्स-रे पाठीकडून बघायचा असतो, साचा माझ्याकडे पोट करून उभा होता. मी बाजू उलटी धरली.

११ जून
माझा साचा खाली काढला. त्याच्या पोटाला सुई टोचली. माझा सदरा लाल झाला.

भिंगरीच्या साच्यातला खड्डा भरायला ओलं प्लास्टर कालवलं. ओल्या हातांनीच साचा वळवायला गेले. साचा टेबलावरून —

कमरेत दोन तुकडे.

१२ जून
काल हॉस्पिटलात, आईच्या हातून दूध पिता पिता, भिंगरी कमरेत दुभंगली. आईच्या मांडीवर अर्धीच उरली.

मला राहवेना. तिच्या वडिलांना सगळं सांगितलं, उस्तादांच्या विचारण्यासकट. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, ब्रेस तूही घालायचीस ना. मी हो म्हटलं. का म्हटलं —

१३ जून, दुपार
गवंडी हातोडा घेऊन आलेत. मी आतल्या खोलीत, कडी लावून, दाराच्या फटीतून बघतेय. दार तोडत नाहीत. फळीकडे गेले. एकेक चादर सोडतायत, नाव वाचतायत. दुसऱ्यांचे साचे जपून, हलकेच बाजूला ठेवतायत —

सापडला.

कमरेवर पहिला. पाय गेले. खाली पडलेय.

बरगड्या. तोंडात रक्त, पानावरही —

साच्याला हात नसतात. म्हणून लिहिता येतंय.

प्रत्येक घावानंतर थांबतात. दाराकडे तोंड करून हळूच विचारतात, दुखतंय का. मी हो म्हणते. हो म्हटलं की ते पुन्हा