खंडेनवमीचा रोबो

टिळकवाडी, बेळगाव
कोजागिरीचा आदला दिवस

ती. आक्कास शरदचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या तो कागदावरच.) तुझी शुगर आणि भावोजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस आणि मला अजून हसू येत नाही.

आपल्या माधवीने (सून माझी, पण बाजू तिची तू घेतेस) कॅम्पातल्या शाळेची पक्की नोकरी सोडून वडगावात विज्ञान-तंत्रज्ञानाची बालवाडी काढली, हे तुला ठाऊक आहेच. जागा म्हणजे बंद पडलेल्या मागाची शेड. भिंतींवर ग्रह काढून झाले, प्रवेश मात्र एकही नाही. पालक यायचे, ग्रह बघायचे आणि "बघूया की" म्हणून जायचे. उद्घाटनालाही कोणी नाव घातलं नाही तर जुन्या मुख्याध्यापिकाबाईंपुढे पुन्हा जाऊन उभं राहायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. निवृत्त झाल्यापासून मला घरात 'दूध आलं का' यापलीकडे कोणी काही विचारत नाही, म्हणून उद्घाटनाची जबाबदारी मी ओढूनच घेतली.

मुहूर्त मी काढला, खंडेनवमी. त्या दिवशी वडगावातले माग बंद, म्हणजे पालक मोकळे. पुण्याहून एक खेळण्यातला रोबो मागवला (माधवी नको म्हणत होती). रोबो, कॉम्प्युटर, सूक्ष्मदर्शक, सगळं मांडून मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. अख्खी गल्ली जमली. लांबलचक भाषण करून मी रोबोच्या बटणाला बोट लावणार, तोच शामूअण्णा पुढे आले. गल्लीतले सगळ्यांत जुने विणकर, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही.

"सर, पूजा झालेलं मशीन आज चालवायचं न्हाय. उद्या दसऱ्याला. आमचं माग काय लाडानं बंद हाईत व्हय?"

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही गं. पण ते मागाला लागू, रोबोला नाही, असं मी उगाच धरलं होतं. कॉम्प्युटरकडे वळलो, तर त्यालाही कुंकू. उत्साहाच्या भरात पंख्याच्या बटणालासुद्धा मीच कुंकवाचं बोट लावलं होतं, त्यामुळे घाम पुसत उभा राहिलो. लोक चपला शोधू लागले.

तेव्हा माधवी म्हणाली, बाबा, तुम्हीच रोबो व्हा. मी नाही म्हणायच्या आत तिने फरशीवर खडूने चौकोन आखले आणि मुलांना सांगितलं, की रोबो सांगाल तेवढंच करतो, याला त्या टोकाच्या पेढ्यांपर्यंत न्या. आक्का, मी जन्मभर हेडक्लार्क म्हणून हुकूम सोडले. शामूअण्णांची नात आरोही, वय साडेतीन, कमरेवर हात ठेवून म्हणते, "आजोबा, म्होरं चल!" चाललो. थांब कोणी म्हणेना. भिंतीला नाक लागलं तरी मी जागच्या जागी पाय उचलत होतो (माधवीने डोळे वटारले होते). एक बाई ओरडली, "अगं, वळ म्हण की त्येंला!" मग वळ, परत वळ, बस, ऊठ, आणि शेवटी पाय बादलीत. गल्ली लोटपोट. पण पुढच्या खेपेला आरोहीने आधी बोटाने चौकोन मोजले आणि मला नेमकं पेढ्यांपाशी आणून उभं केलं. शामूअण्णांनी माझ्या तोंडात पेढा घातला आणि तिथल्या तिथे नातीचं नावही घातलं. त्यांच्यामागे रांग लागली. माधवी कोपऱ्यात जाऊन रडली. मलाही रडू येत होतं, पण रोबोला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

भावोजींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद (आमच्याकडे सध्या तेच वरिष्ठ आहेत).

तुझा धाकटा,
शरद

ता. क. : पत्राचं खरं कारण. रोबोआजोबा असतील तरच मुलं पाठवू, असं पालक म्हणतात आणि माझे गुडघे आता बोलायला लागलेत. चार दिवस भावोजींना निपाणीहून सकाळच्या बसने पाठव. चला, थांबा, बसा, गप्प राहा, या सगळ्या हुकमांची त्यांना सवय आहेच.

ता. क. दुसरा : खरा रोबो का चालत नाही, असं भावोजींनी माधवीपुढे विचारू नये. दसऱ्याच्या पहाटे मी एकट्याने चालवून बघितला, झकास चालतो. त्याचे सेल काढून मी कपाटात स्वेटरखाली ठेवलेत. आक्का, रोज सकाळी ती पोरं फाटकाशी माझी वाट बघत उभी असतात. ही नोकरी मला सोडवत नाही.